विषारी जंगलामागची गोष्ट : ‘नाउसिका’ची पार्श्वभूमी

जपानी ॲनिमेशनपटांचे दिग्दर्शक हायाओ मियाझाकी हे नाव आता मराठी प्रेक्षकांना नवं नाही. २०२० च्या फेब्रुवारीपासून त्यांच्या स्टुडिओ जिब्लीचे चित्रपट टप्प्याटप्प्यानं नेटफ्लिक्सवर भारतात आले. त्यातल्या मार्चच्या खेपेत १९८४ चा ‘नाउसिका’ होता. टाळेबंदीच्या त्या दिवसांत तो अनेकांनी पाहिला, त्याच्यावर मनापासून लिहिलं. पण मियाझाकींच्याच ज्या मांगा (जपानी चित्रकथा) मालिकेतून हा चित्रपट निघाला, ती हजाराहून अधिक पानांची मालिका फार थोड्यांनी वाचली आहे. सात खंडांपैकी साधारण पहिल्या दोन खंडांचा ऐवजच चित्रपटात आहे. उरलेले पाच खंड चित्रपटानंतर आले आणि त्यांनी चित्रपटाचा निष्कर्षच उलटा केला. मियाझाकी बारा वर्षं एकच गोष्ट सांगत राहिले आणि वाटेत त्यांचं मत बदललं. ते का बदललं हे समजून घ्यायचं तर बरंच मागे जावं लागतं. (दोन्हींचा शेवट पुढे उघड केला आहे.)

आधी कथेचा गाभा. यंत्रयुगाच्या संस्कृतीनं ‘आगीचे सात दिवस’ नावाच्या युद्धात स्वतःला संपवून हजार वर्षं लोटली आहेत. पृथ्वीवर फुकाई नावाचं अवाढव्य बुरशीचं जंगल पसरत चाललं आहे. त्याची हवा माणसानं मुखवट्याशिवाय घेतली तर फुप्फुसं निकामी होतात. ओमू नावाचे डोंगराएवढे किडे या जंगलाची राखण करतात. उरलीसुरली राज्यं शिल्लक जमिनीसाठी भांडताहेत आणि जुन्या युद्धातले महाकाय देवसैनिक पुन्हा जिवंत करू पाहताहेत. या सगळ्याच्या कडेला, समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यामुळे विषापासून वाचलेल्या एका लहान खोऱ्याची राजकन्या म्हणजे नाउसिका. तिला किड्यांची भीती वाटत नाही, त्यांच्याबद्दल कुतूहल वाटतं.

मियाझाकींचा जन्म ५ जानेवारी १९४१ चा, तोक्योतला. घरचा कारखाना विमानांच्या सुट्या भागांचा होता. झीरो लढाऊ विमानांचे भाग तिथं बनत. लोक उपाशी होते त्या काळातही युद्धामुळेच या घराला ददात नव्हती. जुलै १९४५ मध्ये उत्सुनोमिया शहरावर बॉम्ब पडले, तेव्हा हे कुटुंब तिथं होतं. चार वर्षांच्या हायाओला घेऊन घरचे ट्रकमधून निघाले. मूल कडेवर घेतलेल्या कुणीतरी ‘आम्हालाही न्या’ म्हणून विनवलं आणि ट्रक न थांबता पुढे गेला. ही आठवण मियाझाकींनी पुढे वारंवार सांगितली आहे. ‘नाउसिका’ वाचताना मला ती सतत जाणवते. या मालिकेत गावंच्या गावं पळत असतात, कुणाला विमानात घ्यायचं नि कुणाला मागे सोडायचं हा प्रश्न पानोपानी येतो, आणि नायिका प्रत्येक वेळी मागे वळते.

१९६३ मध्ये मियाझाकी तोएई दोगा या ॲनिमेशन कंपनीत लागले. तिथं कामगार संघटनेचं काम केलं, दिग्दर्शक इसाओ ताकाहाता भेटले आणि दोघांची आयुष्यभराची जोडी जमली. दोघंही डाव्या विचारांचे. अन्याय नीट ओळखला आणि माणसं एकत्र आली तर जग सुधारतं, हा त्या पिढीचा विश्वास होता. ‘नाउसिका’ सुरू झाली तेव्हा तो विश्वास डळमळला होता, पण गेला नव्हता. मालिका संपेपर्यंत मात्र गेला.

आता मिनामाता. या मालिकेच्या मुळाशी एखादी खरी जागा असेल तर ती हीच.

क्यूशू बेटावरच्या कुमामोतो प्रांतात मिनामाता हे किनाऱ्यावरचं लहान शहर. तिथं चिस्सो कंपनीचा रासायनिक कारखाना होता. ॲसिटाल्डिहाइड बनवताना उत्प्रेरक म्हणून पारा वापरला जाई आणि त्यातून तयार होणारा मिथाइल पारा सांडपाण्याबरोबर उपसागरात सोडला जाई. तो शिंपल्यांत, माशांत साठला आणि तिथून माणसांत आला. माणसांच्या आधी मांजरांना बाधा झाली. ती झोकांड्या खात, गरगर फिरत, पाण्यात पडून मरत. मग लोकांचे हातपाय बधिर झाले, नजर आकसली, बोलणं तुटक झालं. गर्भातली मुलंही सुटली नाहीत. १ मे १९५६ रोजी या रोगाची अधिकृत नोंद झाली. कारखान्याच्या स्वतःच्या डॉक्टरनं १९५९ मध्ये मांजरांना सांडपाणी खाऊ घालून कारण दाखवून दिलं, पण कंपनीनं ते दडपलं. सरकारनं कारण मान्य केलं ते सप्टेंबर १९६८ मध्ये, म्हणजे नोंद झाल्यापासून बारा वर्षांनी. तोवर विष वाहतच होतं. कंपनीला दोषी ठरवणारा न्यायालयाचा निकाल १९७३ चा.

मियाझाकींना या प्रकरणातली एक गोष्ट हलवून गेली. विषाच्या भीतीनं लोकांनी त्या उपसागरात मासेमारी थांबवली. काही वर्षांनी कळलं, की तिथं माशांचे थवे वाढलेत, खडकांवर कालवं चिकटलीत. अंगावर काटा आला, असं त्यांनी सांगितलं आहे. माणसानं टाकलेलं विष पोटात घेऊन जीव जगताहेत, वाढताहेत. मग माणसाच्या घाणीचं ओझं नक्की कोण वाहतं? फुकाईची कल्पना इथून आली.

चित्रपटातला माझ्या दृष्टीनं सर्वांत मोलाचा प्रसंग याच विचारावर उभा आहे. गडाच्या तळघरात नाउसिकानं गुपचूप एक बाग फुलवली आहे. बिया फुकाईतूनच आणलेल्या, पण माती स्वच्छ आणि पाणी खोल विहिरीतून पवनचक्कीनं ओढलेलं. तिथं ती मुखवट्याशिवाय बसू शकते. झाडं विषारी नाहीत, माती विषारी आहे, हे तिनं स्वतः रोपं लावून शोधलं आहे. पुढे ती जंगलाच्या पोटात, वाळूच्या तळाशी पोचते, तेव्हा कळतं की ही झाडं जमिनीतलं विष शोषून घेतात, दगड होऊन मरतात आणि खाली शुद्ध पाणी नि स्वच्छ वाळू सोडून जातात. प्रयोग, निरीक्षण, निष्कर्ष. संहारानंतरच्या जगाच्या कथांत एवढी चिकाटीची संशोधक नायिका मला दुसरी आठवत नाही.

बाकी धागेदोरे बरेच आहेत, ते थोडक्यात. नाव ग्रीक कवी होमरच्या महाकाव्यातल्या राजकन्येचं. वादळात सर्वस्व गमावून किनाऱ्याला लागलेल्या वीराला ती आसरा देते. स्वभाव हेइआन काळातल्या (आठवं ते बारावं शतक) एका जपानी कथेतल्या मुलीचा: भुवया न कोरणारी, फुलपाखरांपेक्षा सुरवंटांत रमणारी आणि म्हणून चारचौघांत चक्रम ठरलेली. चित्रशैलीवर फ्रेंच चित्रकार मोबियसचा प्रभाव आहे, तो मियाझाकींनी स्वतः मान्य केला आहे. मोबियसनंही पुढे आपल्या मुलीचं नाव नाउसिका ठेवलं. दोन मोठ्या कलावंतांनी एकमेकांना दिलेली याहून सुंदर दाद कोणती असेल!

मालिका प्रत्यक्षात सुरू झाली ती मात्र नकारामुळे. १९७८ मध्ये मियाझाकींनी एनएचके वाहिनीसाठी ‘भविष्यातला मुलगा कोनान’ ही २६ भागांची मालिका केली. तीही महायुद्धात बुडालेल्या जगाचीच गोष्ट. १९७९ च्या डिसेंबरात त्यांचा दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट आला, पण तो तेव्हा फारसा चालला नाही आणि हाताला काम मिळेना. तोकुमा शोतेन या प्रकाशनसंस्थेचं ‘ॲनिमेज’ नावाचं मासिक नुकतंच सुरू झालं होतं. तिथले संपादक तोशिओ सुझुकी मियाझाकींच्या कामावर फिदा होते. त्यांनी मियाझाकींच्या चित्रपटाच्या कल्पना कंपनीपुढे ठेवल्या. उत्तर आलं, मूळ मांगा नसलेल्या गोष्टीवर पैसे लावता येणार नाहीत. मग मूळ मांगाच काढू या, असं ठरलं. फेब्रुवारी १९८२ च्या अंकात पहिलं प्रकरण छापून आलं.

पाहायला ती इतर मांगांसारखी नव्हती. एका पानावर दहा-अकरा चौकटी, प्रत्येक चौकटीत बारीक रेघांचं विणकाम, कित्येक पानं शाईऐवजी थेट पेन्सिलीनं काढलेली, छपाई तपकिरी शाईत. साप्ताहिकांतल्या मांगांना सहकाऱ्यांचा ताफा लागतो. इथं बहुतेक सगळं काम एका माणसाचं. मोठ्या आकाराच्या खंडांत ती वाचताना नजर वेगानं पुढे सरकत नाही. एका ओमूच्या कवचावरचे खवले पाहत थांबावं लागतं आणि त्या थांबण्यातच गोष्टीची अर्धी ताकद आहे.

काळही अशा गोष्टींचाच होता. शीतयुद्ध पुन्हा तापलं होतं, अण्वस्त्रांची संख्या वाढत होती. कात्सुहिरो ओतोमोंची ‘अकिरा’ ही मांगा त्याच वर्षी, १९८२ च्या डिसेंबरात सुरू झाली आणि ‘होकुतो नो केन’ १९८३ मध्ये. दोन्ही जगाच्या राखेतूनच सुरू होतात. पण ‘अकिरा’ शहराची, टोळक्यांची, सत्तेच्या हव्यासाची गोष्ट आहे आणि ‘होकुतो’ मुठीच्या बळाची. माती, पाणी, बुरशी, बी-बियाणं यांच्या अंगानं विनाशाकडे पाहिलं ते मियाझाकींनीच.

वाचकांनी मालिका उचलून धरली आणि तोकुमानं चित्रपटाची बोलणी लावली. हाकुहोदो ही जाहिरात कंपनीही पैसे घालायला तयार झाली; मियाझाकींचे धाकटे भाऊ तिथंच नोकरीला होते. दिग्दर्शन आपणच करणार ही मियाझाकींची अट आणि निर्माता म्हणून ताकाहाता हवेत हा हट्ट. ताकाहातांनी आपण निर्माता म्हणून का लायक नाही याची कारणं लिहून अख्खी वही भरली, अशी आठवण सुझुकी सांगतात. शेवटी ते तयार झाले. काम झालं तोक्योतल्या टॉपक्राफ्ट या छोट्या स्टुडिओत, साधारण नऊ महिन्यांत. देवसैनिक अर्धवट अवस्थेत उठतो, किरण सोडतो आणि वितळत कोसळतो, तो अवघड प्रसंग एका विशीतल्या अनोळखी पोरानं काढला. त्याचं नाव हिदेआकी आन्नो, पुढचा ‘इव्हान्गेलियन’ या गाजलेल्या ॲनिमेशन मालिकेचा जनक. संगीत जो हिसाइशींचं. चित्रपटाआधी नुसत्या कल्पनांवर एक अल्बम करून घेतला होता, तोच इतका जमला की मियाझाकी-ताकाहातांनी दुसऱ्या कुणाला संगीत द्यायला नकार दिला. ‘ला ला ला’ असं गाणारा तो लहान मुलीचा आवाज हिसाइशींच्या चार वर्षांच्या लेकीचा आहे.

अडलं ते शेवटावर. मियाझाकींच्या मूळ योजनेत बिथरलेले ओमू नाउसिकासमोर येऊन थांबतात आणि चित्रपट संपतो. ताकाहाता आणि सुझुकींना ते पुरेसं वाटेना. मग नाउसिका ओमूंच्या पायदळी जाते आणि ओमू आपल्या सोनेरी तंतूंनी तिला परत जिवंत करतात, असा शेवट ठरला. प्रेक्षकांचे डोळे भरून आले. मियाझाकींना मात्र तो कायम खटकत राहिला, कारण गोष्टीला धर्मकथेचं रूप आलं होतं. जुन्या भाकिताप्रमाणे निळ्या वस्त्रातला तारणहार सोन्याच्या शेतात अवतरतो म्हटल्यावर माणसांच्या अंगावरची जबाबदारीच उतरते. ताकाहातांनी जाहीरपणे सांगितलं, की निर्माता म्हणून मी पूर्ण समाधानी आहे, मित्र म्हणून मात्र तीसच गुण देतो. हजार वर्षांनंतरच्या जगातून आजच्या जगावर जो उजेड पडायला हवा होता, तो पडला नाही, असं त्यांचं म्हणणं. मला तीस फार कमी वाटतात. पण दुखणं त्यांनी अचूक ओळखलं होतं.

११ मार्च १९८४ ला चित्रपट लागला. सुमारे ९ लाख १५ हजार लोकांनी तो चित्रपटगृहांत पाहिला आणि त्या यशावर जून १९८५ मध्ये स्टुडिओ जिब्ली उभा राहिला. अमेरिकेत मात्र त्याची दैना झाली. न्यू वर्ल्ड पिक्चर्सनं १९८५ मध्ये सुमारे २२ मिनिटं कापून, नायिकेचं नाव झँड्रा करून, त्याचा मुलांसाठीचा मारधाडपट केला. भित्तिपत्रकावर तर चित्रपटात नसलेले बाप्ये वीर झळकले. जंगल पृथ्वी शुद्ध करतं, हा गाभाच त्यात विरला. जिब्लीनं त्यानंतर एक फ्रेमही कापू न देण्याचं धोरण घेतलं. न कापलेला ‘नाउसिका’ अमेरिकेत इंग्रजीतून आला तो थेट २००५ मध्ये.

मांगा मात्र संपलेली नव्हती. चित्रपटाचं काम सुरू झालं तेव्हा तिची जेमतेम सोळा प्रकरणं झाली होती. एकूण झाली ५९. दरम्यान मियाझाकी ‘लापुता’, ‘तोतोरो’, ‘किकी’, ‘पोर्को रोस्सो’ हे चित्रपट करत होते आणि प्रत्येक वेळी मालिका थांबत होती, कधी कधी वर्षानुवर्षं. परत बसले की गोष्ट आणखी काळोखी व्हायची. चित्रपटात खलनायिका वाटणारी कुशाना मांगामध्ये बापा-भावांनी मरणाच्या तोंडी दिलेली, आपल्या सैनिकांवर जीव टाकणारी सेनापती आहे. चित्रपटात नसलेलं दोरोक साम्राज्य इथं येतं, त्याचे पुरोहित बुरशीचं जैविक शस्त्र बनवतात, ते हाताबाहेर जातं आणि देशच्या देश गिळतं. निर्वासितांचे तांडे, वेढे, उपासमार. नाउसिकाचे हातही रक्तानं माखतात.

बाहेरचं जगही तसंच वागत होतं. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला आणि युगोस्लाव्हियात युद्ध पेटलं. शेजारी शेजाऱ्याला मारू लागला. माणूस इतिहासातून काहीच शिकत नाही, याचा त्या युद्धानं धक्का दिला, असं मियाझाकींनी सांगितलं आहे. मालिका लिहितालिहिता आपण मार्क्सवाद सोडला, हेही त्यांनी १९९४ मध्ये स्पष्ट सांगितलं. तरुणपणापासून जपलेला विश्वास सोडणं सोपं नसतं. शेवटच्या दोन खंडांत ती झटापट उघड दिसते आणि म्हणून ते इतके जिवंत आहेत.

मार्च १९९४ च्या अंकात शेवट आला. दोरोकची राजधानी शुवा इथल्या तळघरात नाउसिकाला खरं कळतं. फुकाई निसर्गाची करणी नाहीच. जुन्या जगातल्या शास्त्रज्ञांनी पृथ्वी धुऊन काढायला ती मुद्दाम घडवली आहे, ओमूंसकट. एवढंच नाही, तर आजची माणसंही त्यांनी विषाशी जुळवून घेतील अशी बदलली आहेत. पूर्ण शुद्ध हवेत ती जगूच शकणार नाहीत. जग स्वच्छ झाल्यावर वसवण्यासाठी शांत, सौम्य, नव्या माणसांचे गर्भ तिथं राखून ठेवले आहेत. नाउसिका हे सगळं नाकारते. आपल्याला आई मानणाऱ्या देवसैनिकाकरवी ती ते तळघर गर्भांसकट उद्ध्वस्त करते. उजेडाइतकाच अंधारही जगण्याचा भाग आहे, मळलेले असलो तरी आम्ही जिवंत आहोत आणि आमचा निवाडा दुसरं कुणी आधीच करून ठेवू शकत नाही, हा तिचा पवित्रा. मग ती लोकांत परतते आणि कळलेलं सत्य त्यांना सांगत नाही.

अनेकांना हा शेवट निष्ठुर वाटतो. मला तो चित्रपटापेक्षा खरा वाटतो आणि त्याचं कारण पुन्हा मिनामातातच आहे. मासे परतले, ही गोष्ट खरी. पण उपसागर आपोआप शुद्ध झाला नाही. पाऱ्याचा गाळ उपसून, तळ भरून काढून सुमारे ५८ हेक्टर नवी जमीन तयार करावी लागली. ते काम १९७७ ते १९९० चाललं. दूषित मासे बाहेर जाऊ नयेत म्हणून १९७४ मध्ये लावलेली जाळी १९९७ मध्ये निघाली. विष आजही त्या भरावाखाली आहे आणि ज्यांच्या मज्जासंस्थेत ते गेलं, ते लोक त्याच शरीरानं जगले. ‘निसर्ग सगळं धुऊन टाकेल’ हे चित्रपटातलं आश्वासन त्यांच्या वाट्याला आलंच नाही. मांगातली माणसं त्यांच्या कितीतरी जवळची आहेत. विष त्यांच्या शरीराचाच भाग झालेलं आहे आणि शुद्ध जग आलं तरी ते त्यांच्यासाठी नसेल. तरीही त्यांच्या जगण्याची किंमत कमी होत नाही, असं नाउसिका ठणकावते.

१९९४ मध्येच मालिकेला जपान व्यंगचित्रकार संघटनेचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. २०१९ च्या डिसेंबरात तोक्योच्या शिम्बाशी एन्बुजो नाट्यगृहात सातही खंडांचं काबुकी नाटक झालं, नाउसिका झाले ओनोए किकुनोसुके. नंतर साथ आली. २०२० च्या जूनमध्ये नवे चित्रपट नसल्यानं जपानी चित्रपटगृहांत जिब्लीचे जुने चित्रपट पुन्हा लागले, त्यांत ‘नाउसिका’ही होता आणि मुखवटा घालून श्वास घेणाऱ्या लोकांची ती गोष्ट लोकांनी तोंडाला मास्क लावून पाहिली.

चित्रपट पाहून झाला असेल तर मांगा वाचाच. विझ कंपनीचा इंग्रजी अनुवाद दोन जाडजूड पुठ्ठाबांधणीच्या खंडांत मिळतो. ‘चित्रपट तर पाहिलाय’ म्हणून सुरुवातीची पानं गाळू नका. कुशाना, तिचा धूर्त अधिकारी कुरोतोवा, भटका योद्धा युपा ही सगळी तिथं वेगळी आहेत आणि पुढची शेकडो पानं त्यांच्यावरच उभी आहेत. दोरोकच्या पुरोहितांपर्यंत पोचलात की वेग मंदावेल, नावांचा गोंधळ होईल. खंडांसोबतचा नकाशा तेव्हा उघडा ठेवा. त्यानंतर पुस्तक खाली ठेवणं कठीण जाईल.